नव्याण्णव फोन आणि तात्यांची गाडी

मंगळवार, रात्री साडेदहा

सकाळी दुकान उघडलं आणि गिऱ्हाईक नव्हतं म्हणून फोन मोजले. माझे दोन : एक धंद्याचा, दुसरा घरचा. मागे मला चक्कर आली होती, तेव्हापासून या घरच्या फोनमुळे मी कुठे आहे ते बायकोला तिच्या फोनवर दिसतं. दोन पोऱ्यांचे दोन, टेंपोवाल्याचे दोन. सहा झाले. आमच्या हातगाडीवाल्या तात्यांकडे बटणांचा जुना मोबाईल आहे, तो धरला नाही.

हे खूळ भाच्याचं. रविवारी जेवायला आला होता. तो डिजिटल आर्ट शिकतो. म्हणजे नक्की काय, हे ताईला अजून सांगता येत नाही, आणि मीही तिला उगाच विचारत नाही. वरणभात संपायच्या आत त्याने फोन पुढे केला, "मामा, हे बघ, तुझ्या कामाचं आहे."

बर्लिनमधला एक माणूस. सायमन वेकर्ट त्याचं नाव. लहान मुलांना बसवून ओढतात तशी छोटी लाल गाडी घेऊन भर रस्त्यातून एकटाच रमतगमत चाललाय. गाडीत ९९ जुने स्मार्टफोन, सगळे चालू, सगळ्यांत गूगल मॅप्स. रस्ता तसा मोकळाच, पण शेजारी नकाशा दाखवलाय आणि त्यात तो जातो तिथे तिथे हिरवी रेघ लाल होत जाते. नकाशाला वाटतं, ९९ गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतायत. गूगलच्या बर्लिनमधल्या कचेरीसमोरूनही तो हे फिरवून आला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याने हे लोकांसमोर आणलं.

मी म्हटलं, "अरे, ही तर हमाली. तिकडे हिला कला म्हणतात?"

भाचा हसला, पण मला ते खरंच पटलं नव्हतं. पटलं ते नंतर, त्याला ही कल्पना कशी सुचली ते ऐकल्यावर. बर्लिनमध्ये १ मेच्या मोर्चात त्याला दिसलं, की रस्त्यावर एकही गाडी नाही, नुसती माणसं चालतायत, आणि नकाशा मात्र ट्रॅफिक जाम दाखवतोय. हे आमच्या पुण्यातल्या भवानी पेठेत राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. माउलींची पालखी पालखी विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. त्या दोन दिवसांत आमच्या गल्लीत सायकलसुद्धा शिरत नाही, पण हल्ली वारकऱ्यांच्याही बंडीत फोन असतो. नकाशाला टाळ ऐकू येत नाहीत. फोन किती आणि कुठल्या वेगाने सरकतायत एवढंच त्याला कळतं.

गूगलने त्या माणसावर राग धरला नाही म्हणे. मोटार असो, गाडा असो की उंट, लोक नकाशा असा कल्पकतेने वापरतात ते आम्हाला आवडतं, असं काहीसं उत्तर दिलं. पुढे हेही, की भारत, इंडोनेशिया, इजिप्त अशा देशांत मोटार आणि दुचाकी वेगळी ओळखायला आम्ही शिकलोय, हातगाडीचं मात्र अजून तेवढं जमलेलं नाही. थट्टेतच म्हटलं असणार. मला रात्री झोप लागेना ती या शेवटच्या वाक्याने.

कारण आमचं बारदानाचं दुकान. गोणपाटाच्या गासड्या नाना पेठेपर्यंत तात्यांच्याच गाडीवर जातात, टेंपोला त्या बोळात वळायला जागा नाही. तात्या निघाले की त्यांच्यामागे दोन रिक्षा, सात-आठ स्कूटर, एखादी अडलेली मोटार, सगळ्यांचे हॉर्न. नकाशात आमची गल्ली लाल होते ती त्या मागच्यांच्या खिशातल्या फोनांनी. सगळ्यात पुढे जो माणूस वाकून गाडी ओढतोय, तो त्यात कुठेच नाही. बर्लिनच्या गाडीत ९९ फोन होते आणि गर्दी नव्हती. इथे गर्दी खरी, ती ज्या गाडीमुळे होते तीही खरी, आणि तिच्यात फोन एकसुद्धा नाही. कितीतरी वर्षं मी दुकानाच्या पायरीवरून हे बघतोय. गल्लीला शिव्या घातल्या, तात्यांनाही एकदोनदा घातल्या असतील. पण हे असं कधी दिसलं नव्हतं. त्या लाल गाडीवाल्याला कलाकार म्हणायला आता माझी हरकत नाही.

तर आज अकराला आठ गासड्या निघाल्या, तेव्हा घरचा फोन वरच्या गासडीच्या दोरीखाली खोचला आणि नाना पेठेचा रस्ता लावला. मोटार, दुचाकी, बस, पायी, अशी चित्रं आली. हातगाडीचं चित्र नाही, म्हणून दुचाकी दाबली. मीही बरोबर चालत निघालो. पोरं हसत होती.

तात्यांनी विचारलं, "किती वेळ म्हणतीय ती बाई?"

"४ मिनिटं."

तात्या थांबले नाहीत. चढ होता, तिथे थांबलं की गाडी मागे येते. "म्हणावं, ये आन् दांडी धर."

२५ मिनिटं लागली, त्यात एक चहा. पार्टीने गासड्या मोजून घेतल्या, एकीची शिवण उसवली होती त्यावर थोडी घासाघीस झाली, आणि मी रिक्षाने परत आलो. तात्या दुसऱ्या कुणाचा माल घ्यायला पुढे गेले. फोन दोरीतच राहिला हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

दीडच्या सुमाराला धंद्याच्या फोनवर बायको. आवाज चढलेला.

"डबा दिलाय ना मी? मग हमालांच्या 'कष्टाची भाकर'ला जेवायला काय करताय?"