अंतर एकच, तरी जाण्या-येण्याच्या वेळा वेगळ्या का?

लांबच्या दोन विमानतळांमधल्या अंतराला ९०० ने (विमानाच्या ताशी किलोमीटरमधल्या वेगानं) भागून प्रवासाची वेळ काढली, तर उत्तर तासाभरानं सहज चुकतं. लंडन हीथ्रो आणि न्यूयॉर्क जेएफके ही जोडी घेऊन नीट हिशोब करू.

आधी अंतर. पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचा सर्वांत जवळचा मार्ग महावर्तुळावरून, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून जातो. सपाट नकाशावर तो उत्तरेकडे फुगलेला दिसतो. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम, जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.५०९५. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार ०.१३५६. बेरीज ०.६४५१. हा ज्याचा कोसाइन आहे तो कोन ४९.८३ अंश. एका अंशाला १११.१९ किमी, म्हणजे सुमारे ५,५४० किमी. पृथ्वी पूर्ण गोल नसल्यानं यात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो, तेवढा चालतो. मोठ्या चुका दोनच ठिकाणी होतात: कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककावर) राहतो, किंवा एक ठिकाण पूर्वेला आणि दुसरं पश्चिमेला असताना रेखांशांची बेरीज करायची सोडून वजाबाकी केली जाते.

आता वेळ. हा सगळा हिशोब वाऱ्यावर फिरतो. ध्वनीच्या ०.८५ पट वेगानं जाणारं विमान उंचावरच्या थंड हवेत ताशी साधारण ९०० किमी कापतं, पण हा वेग हवेच्या सापेक्ष असतो. उत्तर अटलांटिकवर जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा जोरदार वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्याचा वेग सरासरी ताशी १०० किमी धरला, तर लंडनकडे येताना ५ तास ३२ मिनिटं आणि न्यूयॉर्ककडे जाताना ६ तास ५५ मिनिटं लागतात. वारा नसता तर दोन्ही वेळा ६ तास ९ मिनिटं. येताना वाचलेली वेळ जातानाचा तोटा पूर्ण भरून काढत नाही, कारण विमान समोरच्या वाऱ्यात जास्त वेळ असतं. म्हणून जाण्या-येण्याची सरासरी काढून वारा हिशोबातून वगळता येत नाही.

यात चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास धरावा. प्रत्यक्ष मार्गही थोडा लांब पडतो. हवाई हद्द बंद असेल तर बराच लांब: २०२२ पासून रशियावरून जाता येत नसल्यानं हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेला.

तिकिटावरची वेळ मात्र गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. टॅक्सीवेवरची (गेट आणि धावपट्टी यांमधल्या रस्त्यावरची) रांग आणि कंपनीनं ठेवलेली जादा मिनिटं तिच्यात धरलेली असतात, म्हणून ती कॅल्क्युलेटरच्या उत्तरापेक्षा नेहमी मोठी दिसते. शिवाय दोन्ही वेळा स्थानिक असतात. न्यूयॉर्कहून १९:०० ला निघून ०७:०० ला लंडनला पोहोचणारं विमान हिवाळ्यात १२ नव्हे, ७ तासांचं. वजाबाकीआधी दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असणाऱ्या प्रमाणवेळेत आणाव्यात. मार्चमध्ये विशेष जपावं: अमेरिकेतली घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनमधली शेवटच्या. मधल्या दिवसांत दोन शहरांतला फरक ५ नसून ४ तासांचा असतो.