तीन अधिक चार की चार अधिक तीन

बेरीज दोन्हीकडून सातच येते. पण आधी तीन लिहिलेत की चार, यावर माझ्या प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कॅन्सरचा उपचार ठरणार होता, हे बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडल्यावरही मला ठाऊक नव्हतं.

वय सदुसष्ट, गाव दारव्ह्याजवळ, अंगात शुगर. रात्री सारखं लघवीला उठावं लागे म्हणून यवतमाळला दाखवलं. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा आकडा, 8.6 निघाला. लघवीत जंतुसंसर्ग असला तरी हा आकडा चढतो, म्हणून तेही तपासून पुन्हा रक्त घेतलं. आकडा उतरला नाही. मग बायोप्सी. गुदद्वारातून सोनोग्राफीची नळी घालतात आणि सुई सुटताना टक्क असा आवाज होतो. दुखण्यापेक्षा त्या आवाजानेच दचकायला होतं. 12 तुकडे घेतले, 3 मध्ये कॅन्सर. ग्लीसन, म्हणजे पेशी किती बिघडल्यात याची प्रत, 4+3.

घरी एकच धोशा. बायको म्हणे, "कापून टाका न एकदाचं." शेजारचे बाबाराव म्हणे, "मुंबईलेच जा." कॅन्सर म्हटलं की घाई करायची, हे आपल्याकडे पक्कं बसलेलं आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी मात्र आधी कागदावर तीन रकाने आखले: पीएसए, ग्लीसन, आणि बोटाने तपासल्यावर गाठ किती लागते. पीएसए 10 च्या आत, ग्लीसनची बेरीज 6 आणि गाठ नसली किंवा लहान असली, तर धोका कमी. पीएसए 20 च्या वर, ग्लीसन 8 किंवा त्याहून जास्त, किंवा गाठ ग्रंथीबाहेर गेलेली, तर जास्त. मधले सगळे मध्यम. त्या मध्यमातही दोन भाग आहेत आणि माझी गाडी तिथेच अडली होती. पहिला आकडा सगळ्यात जास्त दिसणाऱ्या पेशींचा, आणि 4 ची पेशी 3 च्या पेशीपेक्षा वाईट. म्हणून 4+3 म्हणजे वाईट पेशींचा वाटा जास्त. मग किरणांबरोबर चार ते सहा महिने पुरुषी हार्मोन दाबणारं इंजेक्शन. त्याने अंगाची आग होते, स्नायू उतरतात, शुगर चढते. 3+4 असेल तर एरवी बहुतेक वेळा नुसत्या किरणांवर भागतं.

"बायोप्सीच्या काचपट्ट्या इथे पुन्हा वाचून घेऊ," डॉक्टर म्हणाले.

मी कापूस पणन महासंघात ग्रेडर होतो. एकाच गाडीतला कापूस एक ग्रेडर वरच्या प्रतीत घालतो, दुसरा कवडी म्हणून बाजूला काढतो, आणि दोघंही प्रामाणिक असतात. त्यामुळे माझा पहिल्या लॅबवर राग नव्हता. सही करून काचपट्ट्या आणि तुकडे बसवलेले मेणाचे ठोकळे ताब्यात घेतले. "डब्बा उन्हात ठेवू नका," लॅबमधला पोरगा म्हणाला. एसटीत खिडकीतून झळा येत होत्या. दुपट्टा डब्ब्यावर धरून मी नागपूरपर्यंत बसलो. शेजारच्या बाईला वाटलं, लग्नाचे दागिने आहेत.

फेरवाचनात निघालं 3+4, त्यातही चारचा भाग थोडासाच. एमआरआयमध्ये रोग ग्रंथीच्या आतच होता. इंजेक्शन टळलं.

आता ऑपरेशन, किरणं, की नुसती नजर ठेवायची? डॉक्टरांनी ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यात 1,643 पुरुषांना तीन गटांत वाटलं होतं. 2023 मध्ये पंधरा वर्षांचा निकाल आला, तेव्हा तिन्ही गटांत या कॅन्सरने दगावलेले शंभरात सुमारे तीनच होते. नुसती नजर ठेवलेल्यांत रोग पसरण्याचं प्रमाण मात्र जवळपास दुप्पट होतं. हे ऐकून मी पहिल्यांदा नीट जेवलो. पण निवड सोपी झाली नाही, कारण मग प्रश्न उरतो तो कोणता त्रास पत्करायचा याचा. ऑपरेशननंतर काही महिने लघवी गळू शकते, काहींची कायमची. वावरात, एसटीत, पंगतीत पॅड बांधून वावरणं मला नको होतं. किरणांनी लघवीची जळजळ होते, पुढे गुदद्वारातून रक्तही जाऊ शकतं. पुरुषपणावर परिणाम दोन्हीकडे. हा विषय डॉक्टरांनी बायकोसमोर काढला. मी खाली मान घातली, तिने घातली नाही.

किरणंच घेतली. 20 बैठका, चार आठवडे, शनिवार-रविवार सुट्टी. जन आरोग्य योजनेत बसलं. मुक्काम नागपुरातच, मानेवाड्याला भाच्याकडे. "मामाजी, पाणी प्याले का?" हा त्याचा रोजचा प्रश्न, कारण मूत्राशय भरलेलं आणि पोट साफ हवं, नाहीतर टेबलावरून उतरवतात. मशीन उशिरा चालू झालं की बाकावर आम्ही सगळे म्हातारे पाय आवळून बसलेले. कोणी कोणाला हसवायचं नाही, असा तिथे अलिखित करार होता.

किरणांनंतर पीएसए एकदम शून्यावर येत नाही, वर्ष-दोन वर्षं हळूहळू उतरतो. सगळ्यात खालच्या आकड्यावरून 2 ने वर गेला, तर रोग परतल्याची शंका घेतात. माझा 8.6 वरून उतरत सध्या 2.1 वर आहे. बाबाराव म्हणतात, अजून आहेच म्हणजे. पुढची तपासणी तुरी निघाल्यावर, आणि लॅब तीच ठेवायची, असं डॉक्टरांनी बजावलंय.