वद्य द्वितीयेचं मालवण

माघ वद्य द्वितीया. मालवण.

समुद्रकाठच्या दिवसाची आखणी घड्याळावर केली की हमखास फसते. खडक बघायला जावं तर ते पाण्याखाली, पोहायला उतरावं तर पाणी ओढून बाहेर नेणारं, होडीची वेळ साधावी तर दुपारच्या लाटा. म्हणून आज पंचांग आधी, घड्याळ नंतर.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वितीया म्हणजे दोनाचे पाऊणपट दीड, भरती दीडच्या सुमारास, एकदा रात्री आणि एकदा दुपारी. ओहोटी त्याच्या सहा-सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे. हा हिशेब मुंबईच्या बाजूला चांगला जुळतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, त्यामुळे मालवणात त्यातून साधारण तास वजा करायचा. म्हणजे आज पूर्ण ओहोटी सकाळी साडेसहाच्या आसपास, पूर्ण भरती पाऊणच्या सुमारास आणि संध्याकाळची ओहोटी सातला. हा अंदाज झाला. नेमकी वेळ भरतीच्या छापील किंवा मोबाईलवरच्या तक्त्यात पाहून घ्यावी आणि तक्ता जवळच्या बंदराचाच आहे ना, तेही बघावं. मुंबईचा तक्ता घेऊन मालवणात खडकांवर गेलं तर परतीची वाट तासभर आधीच बुडायला लागते.

दुसरी गोष्ट उधाणाची. उधाणाचा जोर ऐन पौर्णिमेला नसतो, तो एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो. म्हणून आज पाणी भरपूर चढेल आणि भरपूर उतरेलही. मुंबईत उधाणाला चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, इथे तो दोन मीटरच्या आतबाहेर. पण पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, इतकी सपाट आहे की दोन मीटरही पुष्कळ होतात.

सकाळी साडेसहा. उजाडतंय. चंद्र अजून पश्चिमेला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर टेकल्यासारखा. मोरयाचा धोंडा बघायचा तर हीच वेळ. किनाऱ्यावरच्या या खडकावर गणपती, सूर्य, चंद्र आणि शिवलिंग कोरलेलं आहे. सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा मुहूर्त याच ठिकाणी झाला. तारीख २५ नोव्हेंबर १६६४, तिथी मार्गशीर्ष वद्य द्वितीया, शके १५८६. महिना वेगळा असला तरी आजचीच तिथी! तिथी तीच म्हणजे समुद्राची चालही तीच: त्या दिवशीही पहाटे-सकाळी पाणी असंच मागे हटलेलं असणार आणि किल्ला ज्यावर उभा आहे त्या कुरटे बेटाभोवतीचे खडक असेच उघडे दिसत असणार. जागा पारखणाऱ्याला याहून चांगला नकाशा कुठला मिळणार? बहुतेक लोक दुपारी इथे येतात, धोंड्याशी दोन मिनिटं उभे राहतात आणि जातात. सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीवकामाच्या कडा उठून दिसतात, दुपारी डोक्यावरच्या उन्हात त्या सपाट होऊन जातात.

इथून पद्मगड हा छोटा किल्ला दिसतो, किनारा आणि सिंधुदुर्ग यांच्या मधोमध. ओहोटीला दांडी किनाऱ्याच्या बाजूने तिथवर चालत जाता येतं. जायचं तर बाराचा हिशेब डोक्यात पक्का हवा. भरतीचे सहा तास, चढणाऱ्या पाण्याचे बारा वाटे. पहिल्या तासात एक वाटा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, मग दोन आणि शेवटी एक. पहिले दोन तास पाणी चढतंय असं वाटतच नाही आणि नेमकं तिथेच माणूस फसतो. तिसऱ्या तासाला सुरुवात झाली की वाट डोळ्यांदेखत जाते. त्यामुळे साडेसहाची ओहोटी असेल तर आठच्या आत किनाऱ्याला परत. पायात मागून पट्टा असलेली रबरी तळव्याची चप्पल किंवा बूट हवेत. शेवाळावर साधी स्लीपर टिकत नाही आणि खडकांना चिकटलेली कालवं पात्यासारखी कापतात. कापलंच तर गोड्या पाण्याने जखम धुवावी, शिंपल्याचा कण आत राहू देऊ नये, तो दुसऱ्या दिवशी ठणकतो.

आठच्या सुमारास आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. पोट गच्च भरू नये, पुढे होडी आहे.

साडेआठ, जेट्टी. किल्ल्यापर्यंत होडीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. चढायच्या आधी एक गोष्ट ठरवून घ्यावी, ती म्हणजे परतीची वेळ. होडीवाले साधारण तासाभराची मुदत देतात आणि तासाभरात हा किल्ला होत नाही. क्षेत्र ४८ एकर, तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर, बुरूज ४२. नीट बघायला दोन ते अडीच तास. वेळ आधी बोलून घेतली की पुढच्या होडीने परतण्याची सोय होते. न बोलता उशीर केला तर बाकीचे लोक उन्हात खोळंबतात. पावसाळ्यात ही होडी बंदच असते.

महादरवाजा समोरून सापडत नाही आणि तेच त्याचं काम आहे. दोन बुरुजांच्या बगलेत, वळणाच्या आत तो लपवलेला आहे, याला गोमुखी बांधणी म्हणतात. समुद्रावरून येणाऱ्याला सलग तट दिसतो, दाराची फट दिसत नाही. तोफेचा गोळा सरळ दारावर बसत नाही आणि आत शिरणाऱ्याला वेग धरायला सरळ रेषा मिळत नाही. होडी दाराजवळ येईपर्यंत दार कुठे आहे ते ओळखायचा प्रयत्न करावा, बांधणाऱ्याची अक्कल तिथे कळते. आत आल्यावर तटाजवळच्या छोट्या घुमट्यांमध्ये शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा जपलेला आहे.

किल्ल्याचं काम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली चाललं आणि १६६७ मध्ये पुरं झालं. तट सुमारे ३० फूट उंच, १२ फूट रुंद. पायाचे दगड शिसं ओतून बसवले आहेत. शिसं कमी आचेवर वितळतं, दगडांच्या सांध्यात शिरून घट्ट बसतं आणि लोखंडासारखं गंजून फुगत नाही. चुना मुरायला वेळ लागतो, आणि जिथे दर सहा तासांनी पाण्याची दिशा बदलते तिथे ओला चुना धुऊन जायला कितीसा वेळ? हे ठाऊक असलं की तटावरून चालताना नजर वरच्या दृश्यावरून खाली पायाकडे जाते.

शिवराजेश्वर मंदिर राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलं. आतली महाराजांची मूर्ती बैठी आहे, चित्रांत नेहमी दिसणाऱ्या रूपापेक्षा वेगळी. इथे घाई करू नये.

मग विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना खारं पाणी आणि मध्ये गोडं. बेटावर मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. विहीर त्या वरच्या थरापुरतीच खोल असली आणि उपसा बेताचा असला की पाणी गोडं राहतं. पंप लावून एकदम उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं आणि मग ते सहजी हटत नाही. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात, त्यांचा दिवस या पाण्याशी बांधलेला आहे. विहिरीत बाटली, कागद, नाणं काही म्हणजे काही टाकू नये.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदवले, त्यात सिंधुदुर्ग आहे. तरीही तटावर टोकदार दगडाने नावं कोरलेली दिसतात आणि जीव तुटतो. चुन्याच्या थरावर ओरखडा पडला की खारी हवा आत शिरते, पाणी सुकताना मिठाचे खडे बनून फुगतात आणि थर पोपडे धरून सुटतो. आज काढलेलं नाव पुढच्या दहा पावसाळ्यांत पूर्ण पापुद्रा घेऊन खाली येतं.

तटावरची फेरी दहाच्या आत आटपावी. सावली जवळजवळ नाही, माणशी दीड-दोन लिटर पाणी हवंच.

सव्वाअकरा ते साडेबारा, समुद्राच्या तळाकडे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा. स्नॉर्कलिंगला हीच वेळ का, तर भरती चढत असताना बाहेरचं स्वच्छ पाणी किनाऱ्याकडे येतं. ओहोटीला खाडीचा गाळ बाहेर येतो आणि पाणी गढूळ होतं. शिवाय दुपार झाली की खारे वारे सुटतात, पाण्यावर लाटा उठतात. आपले मच्छीमार पूर्वी पहाटे मतलई वाऱ्यावर शिडं सोडून बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतत, त्यामागचं कारणही हेच. मास्क चेहऱ्याला लावताना कपाळावरचे केस पूर्ण मागे घ्यावेत. एक बट जरी आत राहिली तरी तिथून पाणी झिरपतं आणि सगळा वेळ मास्क रिकामा करण्यात जातो. प्रवाळावर पाय टेकायचा नाही, अगदी क्षणभरही नाही. तो दगड दिसतो, पण वरचा पातळ थर जिवंत असतो आणि पायाखाली तोच चिरडतो. दम लागला तर पाठीवर पडून तरंगावं.

एक वाजता भरती भरलेली आहे. समुद्रावर करण्यासारखं काही नाही, म्हणून जेवण.

ताटात बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं असेल तर सुरमईच्या तळलेल्या तुकडीचा मोह बाजूला ठेवावा. मोठ्या चार बांगड्यांना अर्ध्या नारळाचं खोबरं, आठ-दहा सुक्या मिरच्या, चमचाभर धणे, हळद, असं सगळं एकत्र गंधासारखं वाटायचं. पाच-सहा आमसुलं. तिरफळं आठ-दहा, आतलं काळं बी काढून टाकलेली, नुसती ठेचलेली. वाटणात ती कधीही घालायची नाहीत, कडू होतात. रस्सा उकळला की मासे सोडायचे, त्यानंतर तिरफळं, पाच-सात मिनिटं मंद आच आणि शेवटी चमचाभर कच्चं खोबरेल. फोडणी नाही. डाव घालून ढवळायचं नाही, भांडं कडेला धरून हलवायचं, नाहीतर बांगडा मोडतो.

सोलकढी ओळखायची ती रंगावरून. आमसुलाचा रंग फिका गुलाबी, जांभळ्याकडे झुकणारा. भडक गुलाबी दिसली तर रंग बाहेरचा समजावा. घरी करायची तर दहा-बारा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास, एका नारळाचं दूध, दोन लसूणपाकळ्या, एक हिरवी मिरची, मीठ. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरलं तर मीठ चव बघूनच, आगळात ते आधीच भरपूर असतं. गॅसवर ठेवली की फुटते आणि तीन-चार तासांनी आंबटपणा बदलतो, म्हणून जेवणाआधीच करावी.

साडेतीन, तारकर्ली आणि पुढे देवबाग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये माडांची अरुंद पट्टी. टोकाला संगम. इथे पुन्हा बाराचा हिशेब, आता उलटा. पाऊणची भरती म्हणजे पावणेतीन ते पावणेपाच या दोन तासांत निम्मं पाणी उतरतं आणि खाडीतलं सगळं पाणी या एकाच तोंडातून बाहेर धावतं. नेमकी तेव्हाच इथे गर्दी असते. संगमावर या वेळात पाण्यात उतरू नये, गुडघाभर पाण्यातही वाळू पायाखालून सरकते. संगमातला वाळूचा दांडा पाणी उतरत जाईल तसा उघडा पडतो, तो होडीतून बघावा.

पोहायचं असेल तर तारकर्लीची मोकळी पुळण, तीही दहा मिनिटं उभं राहून बघितल्यावर. लाटा सगळीकडे फुटतायत आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद, त्यावरून फेस बाहेर चाललाय, तर तो परतीचा ओढा. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. ओढ्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजू नये, दम तिथेच संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यावं, मग लाटांबरोबर आत.

सव्वापाच, मालवणचा किनारा. होड्या आल्यात, लिलाव चालू आहे. पाट्यांभोवती कडं करून उभ्या असलेल्या बायका बोली लावतायत, मध्ये उभं राहून फोटो काढू नयेत, त्यांचा रोजचा पैसा त्या दोन मिनिटांत ठरतो. घ्यायचा असेल तर बांगड्याचं पोट बोटाने दाबून बघावं, फुटलेलं किंवा मऊ नको. कल्ले लाल, डोळा फुगीर. कुर्ल्या आज घेऊ नयेत. अमावस्येच्या जवळ त्या भरलेल्या असतात आणि पौर्णिमेच्या सुमारास पोकळ, असं इथले कोळी-गाबीत सांगतात. हातात घेऊन वजन बघितलं की कळतं.

पावणेसात. सूर्य किल्ल्यामागे गेलाय. पाणी पुन्हा खडकांवरून उतरलंय आणि मोरयाच्या धोंड्याकडची वाळू ओली, कडक झालीय.

उद्या तृतीया. सगळं पाऊण तासाने पुढे. सकाळची ओहोटी सव्वासातला, पद्मगडाहून पावणेनऊच्या आत परत. परवा संकष्टी, तेव्हा मासे घ्यायचे ते उद्याच.