मॅट कागदावरचा काळा

मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, कागदावर कृष्णधवल छायाचित्र छापायला घेणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली असते : पडद्यावर काळाकुळकुळीत दिसणारा भाग कागदावर गडद करडा उतरतो. दोष बहुतेक वेळा प्रिंटरचा नसतो. चांगल्या मॅट कागदावर काळ्याची घनता साधारण १.६ ते १.७ पर्यंत जाते, तर चकचकीत किंवा बरायटा (बेरियम सल्फेटचा थर असलेल्या) कागदावर ती २.२ च्या पुढे जाते. घनता १.६ म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे अडीच टक्के परत येतो, २.३ असेल तर जेमतेम अर्धा टक्का. मॅट पृष्ठभाग प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि त्यातला काही भाग, शाई कितीही ओतली तरी, आपल्या डोळ्यांपर्यंत येतोच. म्हणून मॅटवर काळ्याच्या खोलीमागे न लागता सावल्यांमधल्या छटा एकमेकींपासून सुट्या ठेवाव्यात, असे माझे मत आहे.

अर्थात, जेवढा काळा मिळू शकतो तेवढा तरी मिळायलाच हवा, आणि तिथे शाईची निवड आडवी येते. पिगमेंट शाईच्या, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईच्या, बहुतेक फोटो प्रिंटरांत फोटो ब्लॅक आणि मॅट ब्लॅक अशा दोन काळ्या शाया असतात. फोटो ब्लॅक मॅट कागदाच्या लेपात मुरते आणि फिकी पडते. उलट मॅट ब्लॅक चकचकीत कागदाला धरत नाही, बोट फिरवले की निघते. एप्सनच्या पी८०० या प्रिंटरमध्ये या दोन्ही शायांना एकच वाट असल्यामुळे अदलाबदलीच्या वेळी शाई वाया जात असे. २०२० मध्ये आलेल्या पी९०० मध्ये दोघींना स्वतंत्र वाटा मिळाल्या. जुने यंत्र असेल तर मॅटची कामे साठवून एकदम छापणेच परवडते.

ट्रेमध्ये कोणता कागद आहे हे प्रिंटरला आपण निवडलेल्या ‘मीडिया टाइप’वरूनच कळते. ‘वेल्व्हेट फाइन आर्ट’ निवडले तर मॅट ब्लॅक येते, ‘प्रीमियम लस्टर’ निवडले तर फोटो ब्लॅक, आणि शाई किती सोडायची हेही त्यावरच ठरते. शाई गरजेपेक्षा जास्त झाली की सावल्या बुजतात. कागद बनवणाऱ्या कंपनीची आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) वापरणार असाल, तर ती ज्या मीडिया टाइपवर बनवली आहे तोच निवडावा, नाहीतर तिचा उपयोग शून्य.

काळ्याचा रंग हा आणखी एक नाजूक विषय. शुद्ध कार्बन पिगमेंटची छटा मुळात ऊबदार, किंचित तपकिरी असते. कॅन्सनच्या रॅग फोटोग्राफिकसारख्या, उजळ करणारी रसायने नसलेल्या सुती कागदावर ती अधिकच जाणवते. ती तटस्थ करण्यासाठी प्रिंटर थोड्या रंगीत शाया मिसळतो, आणि मग खिडकीजवळ करडे दिसणारे चित्र बल्बखाली हिरवट किंवा गुलाबी भासू शकते. एप्सनची ‘अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ पद्धत रंगीत शाई बेताने वापरते, त्यामुळे हा त्रास कमी होतो. अधिक ताबा हवा असेल त्यांनी क्वाडटोन रिप हे कृष्णधवल छपाईचे सॉफ्टवेअर वापरून पाहावे.

नवा कागद आणला की चित्राआधी शून्य ते शंभर टक्क्यांची, पाच-पाचच्या टप्प्यांची पट्टी छापावी आणि दिवसभर वाळू द्यावी. मग चित्र जिथे टांगायचे त्या उजेडात ती पाहावी. नव्वदच्या पुढचे चौकोन एकमेकांत मिसळले असतील, तर चित्रातल्या सावल्या कर्व्हने (फोटो सॉफ्टवेअरमधल्या उजेड-अंधार बदलण्याच्या साधनाने) तेवढ्याच वर उचलाव्यात. मूळ फाइलला मात्र हात लावू नये, कारण हा बदल त्या कागदापुरताच असतो.

सुती कागदावर बारीक तंतू सुटलेले असतात. शाई तंतूवर पडते, तंतू नंतर गळतो आणि गर्द काळ्यात पांढरा ठिपका उरतो. त्यामुळे छापण्यापूर्वी मऊ ब्रशने कागद झटकावा. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये कागद दमट होऊन कडा उचलतात आणि प्रिंट हेड घासून काठावर काळे ओरखडे येतात. तेव्हा कागद बंद पिशवीतून आयत्या वेळी काढावा आणि प्लेटन गॅप (प्रिंट हेड आणि कागदाखालचा आधार यांतले अंतर) ‘वाइड’वर ठेवावा.

पुण्याचा हातकागद पाहून अनेकांना मोह होतो, मलाही होतो. मात्र हातकागदावर सहसा इंकजेटचा लेप नसतो. शाई थेट तंतूंत शिरते, कडा पसरतात, काळा आणखी फिका होतो. त्यावर धुक्यातली झाडे किंवा पावसाळी आभाळ बरे उतरते. देवळाच्या गाभाऱ्याचे चित्र लेप दिलेल्या सुती कागदावरच छापावे.