पावसाळ्यात माथेरान, लोकलने एका दिवसात: ‘गाडी बंद आहे’ म्हणणाऱ्यांपासून सावध

माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यावर, जिथे सगळ्या गाड्या थांबतात, टॅक्सीचं दार धड उघडलेलंही नसतं, तोच खिडकीतून ऐकू येतं: "गाडी बंद आहे साहेब. पुढे सात किलोमीटर चिखल. घोडा लागणारच."

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच माणसं फसतात. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असते ती नेरळहून वर चढणारी मिनी ट्रेन. अमन लॉज ते माथेरान शटल, म्हणजे त्याच मिनी ट्रेनची वरच्या टप्प्यातली छोटी फेरी, पावसाळ्यातही धावते. अमन लॉज स्टेशन नाक्यापासून चालत जेमतेम पाच मिनिटांवर आहे, पण नाक्यावरून दिसत नाही, आणि सगळा धंदा त्या पाच मिनिटांतच होतो. समजा, तुमचा चौदा जणांचा गट आहे. त्यातले चार जण घोड्यावर बसले की उरलेलेही बसतात. खिशातले दोन-तीन हजार कसे गेले ते माथेरानच्या बाजारात पोहोचल्यावर कळतं. मार्च २०२५ मध्ये पर्यटकांच्या याच दिशाभुलीविरुद्ध माथेरानकरांनी बेमुदत बंद पुकारला होता, म्हणजे हा त्रास गावालाही नवा नाही.

तेव्हा नाक्यावर कुणाशीही बोलू नका. माणशी प्रवेशकर भरा, एकानेच सगळ्यांचा भरून पावती जपावी, आणि सरळ पुढे चालू लागा. शटल बंद आहे की चालू, हे फक्त तिकीट खिडकीवरचा माणूस सांगेल. फार पाऊस असला तर तीही रद्द होते, पण तसं झालं तरी घोडा लागत नाही. बाजार अडीच-तीन किलोमीटरवर आहे, सात नव्हे. रुळांच्या कडेने जाणारी वाट धरली तर रस्ता चुकत नाही आणि चढही किरकोळ आहे. पाऊण तास पुरतो. फक्त रुळांखालच्या ओल्या स्लीपरवर पाय टाकू नका, शेवाळाने घसरतात. ई-रिक्षा आहेत, पण मोजक्याच. चौदा जणांनी त्यांच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा चालत लवकर पोहोचता येतं. घोडा घ्यायचाच असेल तर दर विचारताना ‘एका बाजूचा की परतीसकट?’ हेही विचारा. भांडणं तिथेच होतात.

आता नाक्यापर्यंत कसं पोहोचायचं ते. सीएसएमटीहून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडा, नेरळला साधारण दोन तास लागतात. बदलापूर लोकल अलीकडेच संपते आणि कसारा लोकल कल्याणनंतर भलत्याच दिशेला जाते. गटातले लोक वेगवेगळ्या स्टेशनांवर चढणार असतील तर हे आदल्या रात्री स्पष्ट सांगा. डबाही ठरवून घ्या, गर्दीत डब्यातून डब्यात जाता येत नाही. रविवारी मेगाब्लॉक बघूनच निघा. पुण्याकडच्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडची लोकल धरावी, भिवपुरी रोडनंतर नेरळच.

नेरळ स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी मिळतात. दर विचारताना ‘सीटचे की गाडीचे?’ हा प्रश्न आधी. एका गाडीत पाच जण, म्हणजे चौदा जणांना तीन गाड्या. तिन्ही एकत्र सुटायची वाट बघू नका. पहिल्या गाडीतल्यांनी कर भरून थेट अमन लॉजची खिडकी गाठावी. शटलचे डबे छोटे असतात, त्यात चौदा जागा एकदम मिळणं हा नशिबाचा भाग आहे. पुढच्या शटलसाठी थांबावं लागणार असेल तर सरळ चालत निघा.

बाजारात जेवण ठीक. चिक्की आणि चपला परतताना घ्या.

शार्लोट लेक बाजारापासून अर्ध्या तासावर आहे. पावसात वाट म्हणजे लाल चिखल आणि घोड्यांची लीद, दोन्ही एकाच रंगाचं. चांगल्या पकडीचे बूट हवेत, आणि पांढरे मोजे घालून गेलात तर ते तसेच टाकून द्यावे लागतील. तलाव भरला की बांधावरून पाणी वाहतं, आणि सगळ्यांना नेमका तिथेच फोटो हवा असतो. तो दगड बुळबुळीत असतो, त्यावर जाऊ नका. हे गावाच्या पिण्याचं पाणी आहे, पाय बुडवायलाही उतरू नका. शेजारीच ग्रामदैवत पिसारनाथाचं मंदिर आहे, तिथल्या माकडांना बॅगेची चेन उघडता येते. प्लॅस्टिकची पिशवी हातात दिसली की ती गेलीच म्हणून समजा. खायचं सगळं बॅगेत तळाशी, वर रेनकोट.

पॉइंट? जुलै-ऑगस्टमध्ये वेळ घालवू नका. एको पॉइंट आणि लुईझा पॉइंट तलावापासून लांब नाहीत, पण कठड्यापलीकडे नुसतं पांढरं. धुकं फाटलं तर दोन मिनिटं नशिबाची, त्यासाठी पूर्ण गट तासभर उभा करणं मूर्खपणा आहे. दिवस तलावापाशी घालवा. दरी बघायची असेल तर नोव्हेंबरात या, तेव्हा नेरळहून मिनी ट्रेनही असते.

परतीचा हिशोब उलट्या बाजूने करा. रविवारी संध्याकाळी दस्तुरीला टॅक्सीची रांग लागते आणि नेरळला मुंबईकडे जाणारी लोकल कर्जतहूनच भरून येते. सातची लोकल हवी असेल तर तलाव साडेतीनला सोडा. शेवटच्या शटलची वेळ उतरल्या उतरल्या माथेरान स्टेशनवरच्या फलकावर बघून फोटो काढून ठेवा. ती चुकली तर अंधारात, चिखलात, रुळांच्या कडेने तीन किलोमीटर चालावं लागेल. चौदा जणांत टॉर्च किमान चार हव्यात, मोबाइलची बॅटरी तोवर फोटोंनी संपवलेली असते.