सो ग्रॉस

दुपारी भाची मोबाईल घेऊन लोळत पडलेली, मधेच नाक वर चढवून म्हणाली "ईऽऽ सो ग्रॉस!" आणि पुन्हा तेच बघत राहिली. किळस आली म्हणायचं पण नजर काही हटवायची नाही, हे मला फार आवडतं.

आमची या शब्दाशी पहिली ओळख शाळेतल्या कोष्टकात, बारा डझन म्हणजे एक ग्रोस, 144. मग तो थेट पगाराच्या स्लिपवर भेटला, आणि तिथे किळस यायची ती ग्रॉसची नाही, नेटची. मूळ लॅटिन, अर्थ जाड. फ्रेंचमधून इंग्रजीत आला, जाडचा ढोबळ झाला, मग असभ्य, आणि गेल्या शतकात अमेरिकेतल्या पोरांनी सरळ किळसवाणं म्हणून वापरायला काढला. जाड असण्याने कुणाचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे. आपलं "शी" बरं, भावना पण तीच आणि वस्तू पण तीच.

मला विचाराल तर ग्रॉस म्हणजे बाथरूमच्या जाळीवर अडकलेले ओले केस. दुसऱ्याचे सोडाच, स्वतःचेच. आत्ताआत्तापर्यंत डोक्यावर होते तेव्हा कंडिशनर लावून लाड चालले होते, आणि आता फेसात गुंडाळलेला तो काळा गोळा चिमटीत धरायचा म्हटलं की अंगावर काटा येतो. गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1955 मध्ये हेच थुंकीबद्दल विचारलं होतं, तोंडातली गिळता ना, मग पेल्यात थुंकून प्या बघू.

पेल्यावरून आठवलं, लहानपणी भावाने माझ्या पाण्यात प्लास्टिकचं झुरळ टाकलं होतं. एक मिशी तुटलेली, आम्हीच रोज खेळायचो त्याच्याशी, आणि टाकायच्या आधी पठ्ठ्याने ते धुतलंही होतं. तरी नाही प्यायले. आईने पाणी ओतलं, पेला घासून परत भरून दिला, तर मी म्हटलं दुसरा पेला दे. पुढे कळलं की पॉल रोझिन नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि मंडळींनी खरं मेलेलं झुरळ निर्जंतुक करून सरबतात बुडवून बघितलं, तिथेही मोठी शहाणी माणसं माझ्यासारखीच अडून बसली.

पण डार्विनचा किस्सा भारी आहे, 1872 च्या पुस्तकातला. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला असलेल्या टिएरा डेल फुएगोमधल्या एका माणसाने डार्विन खात असलेल्या थंड मांसाला बोट लावलं, ते मऊ लागलं म्हणून त्याला किळस आली, आणि त्याचं बोट लागलं म्हणून डार्विनला, त्याचे हात घाण दिसत नव्हते तरी. हे डार्विनने स्वतःच लिहून ठेवलंय.

आमच्या वर्गात एका मुलीचे हात सारखे घामेजायचे. खेळात साखळी करायची वेळ आली की तिचा हात कुणी धरायचं नाही, तिच्या बाजूची मुलगी तिच्या फ्रॉकची बाही पकडायची, तीही दोन बोटांत. मीही बाहीच पकडायचे. ग्रॉस हा शब्द तेव्हा आम्हाला 144 पलीकडे माहीत नव्हता, त्यावाचून काही अडलं नाही.