आमची वाटचाल : दुर्बिणी दुरुस्त करता करता

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचा गाळा आहे. पाटीवर ‘मेडिकल इक्विपमेंट – विक्री व सेवा’ असं लिहिलंय, त्यामुळे कुणी ना कुणी बीपीचं नाहीतर वाफेचं मशीन घेऊन येतंच. तेही बघून देतो. पण चूल पेटते ती एंडोस्कोपवर. पोटाच्या, आतड्याच्या, फुप्फुसाच्या, मूत्रमार्गाच्या लवचिक दुर्बिणी दुरुस्त करणं हा आमचा मूळ धंदा.

आधी मी मुंबईत एका कंपनीच्या सर्व्हिस विभागात होतो. तिथे कोकणातून आलेला स्कोप पेटी उघडताच ओळखू यायचा. लेन्सच्या आत बुरशीचे धागे, पेटीच्या फोमला कुबट वास. कोकणातल्या हॉस्पिटलांचे स्कोप रांगेत शेवटी लागायचे आणि तोवर तिकडचा डॉक्टर पेशंटला कोल्हापूरला नाहीतर गोव्यात बांबोळीला पाठवत बसायचा. आपल्या माणसांसाठी हे काम इथेच व्हावं, म्हणून परत आलो. चाकरमानी उलटा आला म्हणून गावात थोडी चेष्टा झाली, ती होणारच होती.

सुरुवातीची सगळी कमाई लीक टेस्टवर झाली. स्कोपला हवेची नळी जोडायची, आत दाब द्यायचा, पाण्याच्या टबात बुडवायचा आणि टोक चारही बाजूंना वळवत बघत राहायचं. टोकाजवळच्या वळणाऱ्या भागावर काळं पातळ रबर असतं. त्याला सुईच्या अग्राएवढं भोक असलं तरी बुडबुड्यांची माळ वर येते. रबर सरळ असताना कधी काहीच दिसत नाही, टोक पूर्ण वाकवल्यावरच बुडबुडे सुटतात. वाकवून न बघता ‘ओके’ म्हणणारे मी पाहिलेत. मग पाणी आत शिरतं, चित्र धुरकट होतं, वळवायच्या तारा गंजतात आणि काही हजारांचं काम लाखावर जातं. रबर बदलायचं म्हणजे जुनं कापून काढायचं, नवं चढवायचं, दोन्ही टोकांना दोऱ्याचे वेढे घट्ट बसवायचे आणि त्यावर इपॉक्सीचा गुळगुळीत थर द्यायचा. जून ते सप्टेंबर आमच्या खोलीत हवेतला ओलावा ओढणारा डीह्युमिडिफायर बंद होत नाही. लाईट गेली तर इन्व्हर्टर पंख्याला नाही, त्याला जोडलेला असतो.

मोडतोडीची कारणंही इथली असतात. किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलात घशात काटा अडकलेला पेशंट नेहमीचाच. पाला माशाचा काटा असला तर विचारू नका. घरी केळं, कोरड्या भाताचा गोळा असे सगळे उपाय करून, काटा आणखी रुतवून मंडळी येतात. डॉक्टर दुर्बीण घालून चिमट्याने काटा धरतात. तो स्कोपसकट बाहेर काढायचा असतो. घाईत कुणी स्कोपमधल्या पोकळ नळीतून, म्हणजे चॅनेलमधूनच ओढला, की आतलं टेफ्लॉनचं अस्तर फाटलं आणि स्कोप आमच्या टेबलावर.

दुरुस्तीला जाता जाता आम्ही धुण्याच्या खोलीत डोकावू लागलो आणि धंद्याने वळण घेतलं. संसर्गाच्या धोक्यानुसार उपकरणांचे तीन गट पाडणाऱ्या स्पॉल्डिंगच्या वर्गवारीत पोटाचा स्कोप मधल्या गटात येतो. तो रक्तात जात नाही, पण आतल्या ओल्या त्वचेला लागतो, म्हणून प्रत्येक पेशंटनंतर हाय लेव्हल डिसइन्फेक्शन, म्हणजे जंतुनाशक औषधात बुडवून ठेवणं, हवंच. त्यात औषधाच्या टबाइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व आधीच्या धुण्याला. एन्झाइमच्या पाण्यात चॅनेलमधून ब्रश फिरवला नाही, तर पुढे दोन टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये वीस मिनिटं ठेवून उपयोग नाही. ओपीए हे दुसरं जंतुनाशक वापरणाऱ्यांना याचा पुरावा डोळ्यांनी दिसतो. प्रथिनं जिथे राहिली तिथे ते औषध करडा डाग पाडतं. हातमोजे न घालणाऱ्या वॉर्डबॉय मामांची बोटंही तशीच करडी. आम्ही सिस्टर-मामांना शिकवू लागलो, औषधाची ताकद बघायच्या स्ट्रिप विकू लागलो. ‘मिश्रण चौदा दिवस चालतं’ एवढंच सगळ्यांच्या लक्षात असतं. दिवसभर स्कोप बुडवले की ते त्याआधीच कमजोर होतं, हे स्ट्रिपच सांगते.

डिस्पोजेबल स्कोप म्हणजे आमच्यासारख्यांच्या पोटावर पाय, हे उघड आहे. डेन्मार्कच्या अँबू कंपनीने 2009 मध्ये एकदाच वापरायचा ब्रॉन्कोस्कोप, म्हणजे श्वासनलिकेत घालायची दुर्बीण, आणला, तेव्हा आमच्याकडे कुणी त्याला विचारत नव्हतं. 2015 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए हॉस्पिटलात ड्युओडेनोस्कोपमधून (पित्तनलिकेच्या कामासाठी तोंडातून घालायच्या दुर्बिणीतून) औषधांना दाद न देणारे जंतू पेशंटांत पसरले आणि दोघांचा मृत्यू झाला. त्या स्कोपच्या टोकाला एक छोटी हलणारी पट्टी असते. पित्तनलिकेत तार वळवायला ती लागते आणि तिच्या मागच्या फटीत ब्रश नीट पोचत नाही. नियमाप्रमाणे धुऊनही घाण राहू शकते, हे तेव्हा जगाला कळलं. 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने टोकाचे भाग बदलता येणाऱ्या किंवा पूर्ण डिस्पोजेबल ड्युओडेनोस्कोपकडे वळा असं सांगितलं. पण ही अडचण त्या पट्टीची. तीच गोष्ट पोटाच्या साध्या गॅस्ट्रोस्कोपला लावून ‘धुतलेला स्कोप धोक्याचा’ असं सांगत फिरणारे विक्रेते आमच्याकडेही येऊन गेले. त्यांना चहा दिला, ऑर्डर दिली नाही.

मग कोविड आला आणि त्यामागोमाग 22 जुलै 2021 चा पूर. 2005 चं पाणी पाहिलेल्यांनी सामान त्या खुणेच्या वर ठेवलं होतं. वाशिष्ठी त्याच्याही वर चढली. गाळ्यात जे होतं ते गेलं, त्याचं रडगाणं गात नाही. अख्ख्या बाजारपेठेचं तेच झालं. पुढच्या आठवड्यांत हॉस्पिटलांतून चिखलातले स्कोप आले. जुन्या मॉडेलचा कनेक्टर पाण्यात बुडवायचा तर त्यावर वॉटरप्रूफ टोपी हवी. कपाटात टांगलेल्या स्कोपला कोण टोपी घालून ठेवतो? आत चिखल. काहींवर चित्र येत होतं आणि ‘बघा की, चालतोय’ असा आग्रहही झाला. आम्ही लेखी दिलं : भंगार. चित्र दिसणं वेगळं आणि चॅनेल माणसाच्या पोटात घालण्याजोगा असणं वेगळं. त्या महिन्यात हातावर मोजण्याइतकी बिलं निघाली.

त्याच काळात दोन-तीन हॉस्पिटलांना आयसीयूसाठी तातडीने ब्रॉन्कोस्कोप हवा होता आणि छोट्या मॉनिटरसह डिस्पोजेबल लगेच मिळत होता. आम्ही डीलरशिप घेतली. दुरुस्तीवाल्याने हे विकावं का, असं घरात सौ.नेच विचारलं. हिशेब तीच बघते, म्हणून हिशेबानेच उत्तर दिलं. रात्री दोनला व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची नळी चोंदते. धुणारा माणूस घरी, कपाटातला स्कोप शेवटचा कधी धुतला ते रजिस्टरात नाही. महिन्यातून मोजक्या वेळा लागणाऱ्या या कामाला पाकीट फोडून वापरायचा स्कोपच स्वस्त आणि सुरक्षित. मुतखड्याच्या आरआयआरएसलाही (मूत्रमार्गातून दुर्बीण घालून मूत्रपिंडातला खडा लेझरने फोडायला) बऱ्याचदा तोच बरा. स्कोप बारीक, टोक मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्याकडे पूर्ण वळलेलं आणि त्यातून लेझर फायबर ढकलला की चॅनेल फाटलाच. पण जिथे रोज ओपीडीत गॅस्ट्रोस्कोपी चालते, तिथे दर पेशंटला एक स्कोप फेकणं कुणाच्याच खिशाला झेपणार नाही. मागे उरतो तो प्लास्टिक, तारा, कॅमेरा आणि एलईडीचा ढीग. बायोमेडिकल कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे दूषित प्लास्टिक लाल पिशवीत जातं. आतल्या इलेक्ट्रॉनिक भागांचं काय करायचं यावर वॉर्डातली माणसं एकमेकांकडे बघतात.

एका गोष्टीवर आम्ही गिऱ्हाईक गमावलंय आणि पुढेही गमावू. पाकिटावर 2 चा आकडा आणि त्यावर तिरकी काट असते. अर्थ सरळ : दुसऱ्यांदा नाही. तरी ‘एवढा महागाचा, ईटीओ करून चार केस काढू, तुम्ही फक्त चेक करून द्या’ असे फोन येतात (ईटीओ म्हणजे वायूने निर्जंतुक करणं). चेक कसा करणार? यातल्या बहुतेकांना लीक टेस्टची नळी जोडायला जागाच नसते, त्यांचे भाग चिकटवणारा गम वारंवार औषधात भिजण्यासाठी बनवलेला नसतो. आणि पेशंटच्या बिलात स्कोप मात्र नवा लागतो. एका ठिकाणी मी हे जरा मोठ्या आवाजात बोललो. ते आता माल दुसरीकडून घेतात.

सध्या आमचं सगळं लक्ष सुकवण्यावर आहे. धुतलेल्या चॅनेलमध्ये पाणी राहिलं की रात्रभरात त्यात जंतू वाढतात आणि आपल्या हवेत ते आपोआप सुकत नाही. बाहेरची ड्राइंग कॅबिनेट छोट्या हॉस्पिटलला परवडत नाहीत. म्हणून इथल्याच फॅब्रिकेटरकडून स्टीलचं उभं कपाट करून घेतलं. स्कोप सरळ टांगलेला, प्रत्येक चॅनेलला फिल्टरमधून आलेली हवा, दाब मोजायला गेज. पहिल्या कपाटाचा पंप इतका आवाज करायचा की रात्रपाळीच्या सिस्टर तो बंद करून ठेवत. आता पंप बदललाय. गुहागर रस्त्यावरच्या एका हॉस्पिटलने कपाट मागवलंय, पण धुण्याच्या खोलीत ते ठेवायला जागा नाही आणि मॅनेजर म्हणतात बाथरूमशेजारी ठेवा. तिथे ठेवणार नाही असं कळवलंय. सोमवारी टेप घेऊन जातोय.